मागच्या खोलीतलं ऊन

आरसेवालीला आरशात स्वतःकडे बघायची सवय नव्हती. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की साठ-सत्तर आरसे एकदम तिच्या तोंडाकडे बघायचे आणि ती मात्र त्यांच्या कडांकडे बघायची. कुठे टवका उडालाय, कुठे पाठचा मुलामा काळवंडलाय, कुठे काच मधेच पोटात गेलीय. एकदा तिच्या गालाला दिवसभर पुट्टी लागून राहिली होती. साठ आरशांच्या दुकानात बसून ते तिला कळलं नाही. संध्याकाळी नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं.

दुकान वडिलांचं. ते अचानक गेले तेव्हा थोरली कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होती आणि ही नववीत दुसऱ्यांदा गणितात अडकली होती. दोघींपैकी दुकानात कुणी बसायचं याचा निकाल आईने एका मिनिटात लावला. धाकटीने एक दिवस रडून घेतलं, दुसऱ्या दिवशी काच कापायचा हिरा हातात घेतला आणि तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की हा आपल्या बोटांत पेनापेक्षा बरा बसतो. रेघ एकदाच मारायची, दाब सगळीकडे सारखा, आणि कान उघडे ठेवायचे. हिरा नीट चालला की बारीक सर्र आवाज येतो. मग खालून एक टिचकी, की काच सांगितल्या जागी दुभंगते. गणितासारखं तिथे उत्तर पाठीमागे शोधावं लागत नाही.

थोरली, म्हणजे ताई, पुढे शाळेत शिकवायला लागली. छत्तीस वर्षं तिने मुलांना प्रकाशाचा धडा शिकवला. फळ्यावर किरण काढायचा तो पट्टीने, आणि किरणाला बाण पाहिजेच. बाण राहिला की अर्धा गुण गेला. तिने लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची की बाणाची दिशा जमली नाही.

दोघी बहिणींचं आरशावरून जुनं भांडण होतं. ताईचं म्हणणं, आरसा डावं-उजवं उलटवत नाही, तो पुढचं-मागचं उलटवतो. आरसेवालीचं म्हणणं, चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने येऊन सांगितलं नाही की माझं नाक मागे दिसतंय. ताई म्हणायची, गिऱ्हाइकांना विचारून विज्ञान चालत नाही. आरसेवाली म्हणायची, पण दुकान चालतं. इथवर आलं की दोघी चहा प्यायच्या.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि ताई घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढली. स्टुलाचा एक पाय आखूड होता हे तिला ठाऊक होतं. गुरुत्वमध्य कुठे ठेवायचा हेही ठाऊक होतं. तरी पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसली. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी तीन महिने जिन्याचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. मग आरसेवालीने आणि तिच्या नवऱ्याने तिला उचलून आपल्या घरी आणलं आणि दुकानामागच्या खोलीत तिचा पलंग मांडला.

खोली तशी वाईट नव्हती. छताला नुकताच पांढरा रंग दिलेला, कोपऱ्यात कपाट, पलंगासमोर खिडकी. पण खिडकी उघडायची ती मागच्या गल्लीत, आणि गल्ली एवढी अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने माघार घ्यायची. समोर बिल्डिंग, वर आपलीच बिल्डिंग. सूर्य डोक्यावरून निघून जायचा, त्याचा इथल्या लोकांशी काही संबंध नसल्यासारखा. सकाळी दहा वाजताही ट्यूबलाइट लावल्याशिवाय औषधाच्या गोळीचा रंग ओळखू येत नव्हता.

पहिले काही दिवस ताई सगळ्यांच्या चुका काढत होती. गोळी किती मिनिटं उशिरा दिली, फिजिओथेरपिस्टने तरफेचं उदाहरण कसं चुकीचं दिलं, वगैरे. मग ते कमी झालं. पुस्तक उताणं छातीवर पडून राहायला लागलं. आरसेवालीला खरी काळजी वाटली ती एका दुपारी. तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक, बोलायला कमी. त्या दिवशी जेवताना काही तरी बोलायचं म्हणून तो म्हणाला की बल्बमधून वीज बाहेर सांडते, तिलाच आपण उजेड म्हणतो, हो ना ताई? ताईने नुसतं "हं" केलं.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत असलं वाक्य ताईच्या पुढून सुखरूप कधी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आरसेवाली गल्लीत उभी राहून वर बघत होती. समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर टेलरमास्तरांची गॅलरी होती आणि त्या गॅलरीत ऊन नुसतं लोळत होतं. मास्तर एकटे राहायचे. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. उजेडासाठी त्यांनी शिलाई मशीनच गॅलरीत आणून ठेवलं होतं. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत तिथे दिवा लावावा लागत नसे. तीस फूट वर ऊन होतं आणि तीस फूट खाली ताई होती.

ती आत आली आणि म्हणाली, "ताई, तुला ऊन आणून देते."

ताई छताकडे बघत म्हणाली, "पंधरा कोटी किलोमीटर येतं ते, आठ मिनिटं वीस सेकंदांत. आणि शेवटच्या तीस फुटांत अडतं. त्याला माझा इलाज नाही."

"तू कशाला इलाज करतेस. मी करते."

मग ताईने तिला अडचणी सांगितल्या. उजेड सरळ जातो, त्याला कोपऱ्यावर वळता येत नाही. आरसा लावलास तर ज्या कोनात येईल त्याच कोनात पलीकडे निघून जाईल, तुझ्या मर्जीने नाही. शिवाय सूर्य जागेवर थांबत नाही, दर चार मिनिटांना एक अंश सरकतो. सगळ्या अडचणी सांगून होईपर्यंत ताई उशीला टेकून अर्धी उठून बसली होती. आरसेवालीला तेवढ्यावरच निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.

टेलरमास्तरांना पटवणं अवघड गेलं नाही, फक्त वेळ लागला. त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असत, त्यामुळे हो म्हणायला आधी टाचण्या काढाव्या लागत. सगळं ऐकून त्यांनी गॅलरीचं रेलिंग टेपने मोजलं, मग पुन्हा मोजलं, मग म्हणाले, बांधा.

दोन फुटी आरसा चिंध्यांनी रेलिंगला बांधला. आरसेवाली खाली खोलीत, मास्तर वर, दोघांच्या कानाला फोन. मास्तरांनी आरसा जरासा वळवला आणि समोरच्या भिंतीवर एक कवडसा धावत सुटला. तो पाण्याच्या नळावरून गेला, एका वाळत घातलेल्या चादरीवरून गेला, पायरीवर झोपलेल्या मांजराला उठवून गेला. केसभर हलवलं की हातभर उडी. आरसेवाली फोनवर सांगून दमली की हळू, मास्तर, हळू.

"आरसा तू जितका वळवशील त्याच्या दुप्पट उजेड वळतो," ताई पलंगावरून म्हणाली. "त्यांना सांग, निम्मंच वळवा."

निम्मं वळवल्यावर कवडसा मुकाट खिडकीत आला. आला आणि खिडकीच्या कट्ट्यावरच बसला. इतक्या उंचावरून उजेड जवळजवळ डोक्यावरच पडत होता. आत यायला त्याला जागाच नव्हती. ताईचा चेहरा 'सांगितलं होतं' असा झाला. आरसेवाली दुकानात गेली, हाताला लागला तो कड घासलेला दीड फुटी आरसा घेऊन आली, कट्ट्यावर उताणा ठेवला आणि त्याची एक बाजू ताईच्या औषधाच्या खोक्यावर टेकवली.

उजेड कट्ट्यावरून उसळला आणि छताला लागला. पांढरं छत एकदम भरून आलं आणि तिथून उजेड सगळ्या खोलीत पसरला, कपाटामागच्या जाळ्यापर्यंत. आरशाच्या घासलेल्या कडेतून फुटून एक रंगीत पट्टा समोरच्या भिंतीवर पडला, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत, वीतभर रुंद.  

ताई बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक किरण आत आला आणि छतावरून किती दिशांना गेला. इथे बाण कुठे काढायचे गं, छोटे?"

त्या दिवशी जेवताना तिने मेहुण्याला बोलावून समोर बसवलं आणि बल्बमधून वीज का सांडत नाही ते अर्धा तास समजावलं. तो बिचारा आनंदाने मान हलवत होता.

मग रोज साडेदहाला ऊन यायला लागलं. कट्ट्यावरून छतापर्यंत उजेडाची एक तिरपी तुळई दिसायची आणि तिच्यात धूळ चमकायची. आरसेवाली झाडू घेऊन आली तर ताईने तिला थांबवलं. उजेड बाजूने दिसत नाही म्हणाली. जे दिसतंय ती धूळ आहे. आरसेवाली म्हणाली, म्हणजे मी झाडलं नाही तरच तुला उजेड दिसणार. ताईने कबूल केलं की शास्त्र तसंच आहे. त्या आठवड्यात मागच्या खोलीत झाडू फिरला नाही, आणि शास्त्राचं नाव सांगून आरसेवालीने पुढच्या खोलीतलाही टाळला.

चौथ्या दिवशी ताईला वाटलं, ऊन पायावर घ्यावं. कट्ट्यावरचा आरसा आणखी थोडा आत झुकवला, कवडसा चादरीवर गुडघ्यापाशी आला. छान ऊब आली. ताईने समाधानाने कट्ट्यावरच्या आरशाकडे पाहिलं, तर त्यात टेलरमास्तर. तोंडात चार टाचण्या, हातात सुई, दोरा ओवता ओवत नाही म्हणून एक डोळा मिटलेला.

ती धाकटीला म्हणाली, "छोटे, कंगवा दे."

"का गं?"

"ज्या रस्त्याने उजेड येतो त्याच रस्त्याने परत जाऊ शकतो. मला मास्तर दिसतात, म्हणजे मास्तरांना मी दिसते. चार दिवस मी विंचरलेलं नाही."

आरसेवालीने कंगवा दिला आणि तोंड फिरवून हसून घेतलं. पण तिने तोंड फिरवलं तिकडेही एक आरसा होता, त्यामुळे ताईला ते दिसलंच.

खरी कटकट सूर्याची होती. दर दहा मिनिटांनी कवडसा कट्ट्यावरून घसरायचा आणि मास्तरांना आरसा पुन्हा वळवावा लागायचा. दोन्ही हातांत कापड असताना फोन कसा घेणार, म्हणून ताईने खुणा ठरवल्या. चादरीवरच्या उन्हात छोटा आरसा धरायचा आणि मास्तरांच्या गॅलरीच्या छतावर चमक पाडायची. एक चमक, डावीकडे. दोन चमका, उजवीकडे. पहिल्याच दिवशी मास्तरांनी तीन वेळा उलटीकडे वळवलं, कारण ताईचं डावं ते मास्तरांचं उजवं. ताईने निरोप पाठवला की यात आरशाचा दोष नाही, आपण समोरासमोर आहोत एवढंच. मास्तरांनी निरोप पाठवला की दोष कुणाचाही असो, मला खिडकीच्या एका अंगाचा नळ कळतो आणि दुसऱ्या अंगाचं सलून कळतं. मग ठरलं: एक चमक म्हणजे नळाकडे, दोन म्हणजे सलूनकडे. त्यानंतर एकदाही चूक झाली नाही.

पंधरा-वीस दिवस हे असं सुरळीत चाललं. मग शाळा उघडायचे दिवस जवळ आले आणि मास्तरांकडे गणवेशांचा डोंगर येऊन पडला. एका सकाळी ते बाह्या लावता लावता इतके बुडून गेले की ताईच्या चमका त्यांच्या डोक्यावरून जात राहिल्या आणि त्यांनी वर पाहिलंच नाही. फोन कापडाखाली वाजत होता. कवडसा कट्ट्यावरून उतरला आणि भिंतीवरून मुंगीच्या चालीने निघाला. तासाभरात तो शेजारच्या सलूनच्या दारात पोचला.

सलूनमध्ये अंधार असायचा, म्हणून सलूनवाल्याने खुर्ची दाराशीच ठेवली होती. खुर्चीत समोरच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी बसले होते. त्यांची मिशी म्हणजे गल्लीतली एक जुनी इमारतच. कुणालाही पत्ता सांगताना 'मिशीवाले सेक्रेटरी' असंच सांगायचे. सलूनवाला मशीनने त्या मिशीच्या कडा कोरत होता. फळीवर हातआरसा उताणा पडला होता. कवडसा त्यावर आला, तिथून उसळला आणि थेट सलूनवाल्याच्या डोळ्यांत गेला. त्याने डोळे मिटले, पण मशीन चालूच राहिलं.

डोळे उघडले तेव्हा मिशीची डावी बाजू होती आणि उजवी नव्हती.

उरलेली अर्धीही काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता. ती काढल्यावर सेक्रेटरी आरशाजवळ सरकून आपला चेहरा निरखायला लागले. नंतर सलूनवाल्यानेच सगळ्यांना सांगितलं की आरशात त्यांना आपला मोठा भाऊ दिसला, ज्याच्याशी ते अकरा वर्षं बोलले नव्हते. पण त्या दिवशी मात्र ते उठले, गल्लीत उभे राहून वर बोट दाखवलं आणि मास्तरांना खाली बोलावलं.

आरसेवालीही गेली. सेक्रेटरींना ओठावरून सारखा हात फिरवायची सवय होती आणि तिथे आता काही नव्हतं, त्यामुळे ते जास्तच चिडत होते. चूक आमची आहे, आरसेवाली म्हणाली. मिशी तर परत लावून देता येत नाही, पण उजेड पुन्हा कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही ते मी बघते. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि निर्णय दिला. रेलिंगला हलणारी कोणतीही वस्तू चालणार नाही. जे हलतं ते घसरतं. पक्की बसवलेली, न हलणारी वस्तू असेल तर त्यांची हरकत नाही.

आरसेवालीने घरी येऊन ताईला हे सांगितलं. ताई म्हणाली, त्याने नाही म्हणायची सभ्य रीत शोधली आहे. सूर्य हलतो, कट्टा हलत नाही. मधला आरसा हललाच पाहिजे. हे गणित आहे, यात वाद नाही. आणि तिने पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरसेवाली दुकानात काच पुसत बसली होती. समोरच्या रस्त्यावरून उन्हाची एक पट्टी दुकानात येते आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या आरशांवरून तासभर सरकते. आरसे कसेही टेकवलेले, कुणी जरा उभा, कुणी जरा आडवा. आधी कपाटाजवळच्या आरशाचं ऊन तिच्या डोळ्यांवर आलं. तिने मान वळवली नाही, पुसत राहिली. ते गेलं. थोड्या वेळाने शेजारच्या आरशाचं आलं. तेही गेलं. मग तिसऱ्याचं. चाळीस वर्षं हे होत होतं आणि चाळीस वर्षं ती त्याला शिव्या देत होती. आज तिने फडकं खाली ठेवलं.

आरशांपैकी एकही हलला नव्हता. तीही हलली नव्हती.

ती मागच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "ताई, एक आरसा फिरवायचा कशाला? नऊ आरसे ठेवू. प्रत्येकाचं तोंड थोडं वेगळं. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची."

ताईने उशीखालून पेन्सिल काढली.

वीतभर चौरस असे नऊ तुकडे दुकानात कापून उरलेल्या काचेतून निघाले. नवऱ्याने डेपोतून सुट्टी घेऊन लोखंडी चौकट बनवली आणि ती रेलिंगला चार बोल्टांनी अशी आवळली की रेलिंग निघालं असतं, चौकट निघाली नसती. मग आरसेवाली पुट्टीचा गोळा घेऊन मास्तरांच्या गॅलरीत बसली. अकरा वाजता पहिला आरसा पुट्टीवर दाबला, बोटांनी वळवून कवडसा ताईच्या कट्ट्यावर नेमका बसवला आणि सोडून दिला. दहा मिनिटांनी, कवडसा घसरायच्या बेतात आला तेव्हा, दुसरा दाबला. मग तिसरा. मधल्या दहा-दहा मिनिटांत मास्तर तिला चहा देत होते आणि बाईंना आता बरं वाटतं का, बाईंना कुठला रंग आवडतो, असं काहीबाही विचारत होते. ती कोनांचं काही मोजत नव्हती. ऊन कुठे पडतंय ते बघायचं आणि पुट्टी दाबायची. आठ कप चहात काम झालं असं ती म्हणायची. साडेबाराला ती खाली आली.

खाली ताईने कॅलेंडरच्या पाठीवर पूर्ण हिशेब मांडून ठेवला होता. पहिल्या आणि नवव्या आरशामध्ये आठ टप्पे, ऐंशी मिनिटं. तेवढ्यात सूर्य वीस अंश जातो, आरसा त्याच्या निम्मा. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या आरशात दहा अंशांचा फरक पाहिजे. तो तसा नसेल तर काम चुकलं. तिने आपल्या कंपासपेटीतलं कोनमापक वर पाठवलं. मास्तरांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि फोन केला.

साडेनऊ, ते म्हणाले. दोन्ही वेळा साडेनऊ.

"पुट्टी वाळताना आक्रसली असेल," ताई म्हणाली.

"माझी पुट्टी आक्रसत नाही," आरसेवाली म्हणाली. "तुझा सूर्य हळू चालतो."

ताईने हसायला तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. तिने कॅलेंडर उलटं करून तारीख पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पाठीवर एक लहानसं वर्तुळ काढलं, त्याच्यावर त्याहून लहान दुसरं. आरसेवाली काचेच्या कडांनी कापलेली बोटं धुऊन आली तरी ताई तिथेच होती.

"वर्षाच्या या दिवसांत सूर्य आकाशाच्या सगळ्यात मोठ्या वर्तुळावरून जात नाही," ताई शेवटी म्हणाली. "जरा लहान वर्तुळावरून जातो. वेळ तेवढाच, रस्ता थोडा कमी. साडेनऊच यायला पाहिजे. मी ते धरलंच नव्हतं."

"म्हणजे माझं बरोबर?"

"तुझं बरोबर. माझा अर्धा गुण गेला."

नववीत दोन वेळा नापास झालेल्या बाईने ओली बोटं पदराला पुसली. ती दुकानात गेली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एका मोठ्या आरशासमोर थोडा वेळ नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी गल्लीत लोक जमले. नऊ कवडसे एका रांगेत नळाकडून येत होते, हात-हातभर अंतरावर एकेक, रेशन घ्यायला उभं राहावं तसे शिस्तीत. पहिला खिडकीत शिरला, आतलं छत उजळलं, दहा मिनिटांनी तो बाहेर पडून पुढे गेला आणि दुसरा शिरला. आधीच्या दोन फुटी आरशाएवढा उजेड नव्हता, हे आरसेवालीने आपणहून सगळ्यांना सांगितलं. पण गोळीचा रंग कळत होता आणि वर कुणालाही हात लावावा लागत नव्हता. बाहेर पडलेले कवडसे सलूनकडे जाणार हे उघडच होतं. त्यासाठी तिने सलूनच्या दारावर दुधी काचेचं एक तावदान तिरपं बसवून ठेवलं होतं. त्यावर पडलं की उन्हाचा कवडसा राहात नव्हता, नुसता मऊ उजेड होऊन आत पसरत होता. सलूनवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या मानेवरचा एकेक केस दिसला. त्याने खुर्ची आत हलवली.

सेक्रेटरी आले, चौकट हाताने हलवून पाहिली, हलली नाही. मिशी परत वाढायला लागली होती. मधल्या काळात त्यांनी भावाला फोन केला होता असं सलूनवाला सांगायचा. ते म्हणाले, ठीक आहे. आणि जाताना पुन्हा मागे वळून विचारलं की आमच्या जिन्यात पहिल्या मजल्यावर फार काळोख असतो, तिथे काही करता येईल का.

तेव्हापासून आरसेवालीकडे असली गिऱ्हाइकं यायला लागली. कुणाचं स्वयंपाकघर अंधारं, कुणाचं कामाचं टेबल. ती आधी जाऊन गल्लीत उभी राहून वर बघायची. वर ऊन नसेल तर सरळ सांगायची, की आरसा ऊन तयार करत नाही, असलेलं पोचवतो. काही लोक नाराज होऊन जायचे.

ताई आधी वॉकर धरून उन्हात उभी राहिली, मग काठीवर आली, आणि साडेतीन महिन्यांनी जिना चढून आपल्या घरी गेली. तिसरा मजला, दोन्ही खिडक्या मोकळ्या. आठवड्याभरात तिचा फोन आला. ऊन फार येतं इथे, डोळे दिपतात, पुस्तक वाचवत नाही. पडदे शिवून घ्यायला पाहिजेत.

आरसेवाली म्हणाली, मापं सांग, मास्तरांना देते. ताईने खिडकीची लांबी-रुंदी सांगितली, सेंटिमीटरच्या दशांशापर्यंत. आरसेवालीने ती चिठ्ठीवर लिहून मास्तरांकडे नेली. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, चिठ्ठी वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

"दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मी कापड कापत नाही," ते म्हणाले. "बाईंना विचारा, मी येऊन मोजलं तर चालेल का."

ताईने चालेल म्हटलं. मास्तर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले, तीन जिने चढले, आणि दोन खिडक्या मोजायला त्यांना दुपारचे दोन वाजले.